गंगापूरचं पाणी, मांडव्याचा समुद्र आणि तीन नोझल

दादा म्हणजे माझा थोरला मामेभाऊ. मालवाहू जहाजांवर इंजिनियर म्हणून तीस वर्षं काढली, निवृत्त होऊन नाशिकला गंगापूर रोडवर फ्लॅट घेतला आणि दोन वर्षांत त्याला घर खायला उठलं. आता मांडव्याला उभी असलेली एक जुनी कॅटमरान त्याच्या मनात भरली आहे. अडतीस फुटी, शिडाची, वजन सात टनांच्या आसपास. दोन अरुंद हल, म्हणजे पाण्यात बसणारी बोटीची दोन अंगं, प्रत्येक हलमध्ये तीस हॉर्सपॉवरचं तीन सिलिंडरी डिझेल इंजिन. डिसेंबर ते मार्च कोकण किनाऱ्याने हळूहळू मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच त्याचं स्वप्न. अडचण एकच होती. डावं इंजिन थकलेलं. ते बदलायचंच आहे, तर पुन्हा डिझेल बसवावं की दोन्हीकडे इलेक्ट्रिक मोटर?

या प्रश्नावर आमच्या घरात दोन तट पडले. माझं सातपूरला डिझेल पंप आणि नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, यांच्या टेस्टिंगचं वर्कशॉप आहे. मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा कारखाना नोझल-इंजेक्टरचा, त्यामुळे सातपुरात या कामाची हातोटी दोन पिढ्यांची आहे, मी त्यातलाच. माझी पुतणी अंबडला मोटर कंट्रोलरचं काम करते. दादा म्हणाला, "तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला, मोजून सांगा. मतं नकोत मला." म्हणून चार दिवसांचा बेत ठरला.

दिवस पहिला, गुरुवार: गंगापूर बॅकवॉटर

समुद्र बघण्याआधी घरचं पाणी बघू, असा पुतणीचा आग्रह. तिने एका ओळखीच्या मासेमारी सोसायटीची पंधरा फुटी फायबरची होडी मागून घेतली होती. तिच्यावर तीन किलोवॅटची मोटर आणि ४८ व्होल्टची, पाच युनिटची लिथियम बॅटरी तिने स्वतः बसवली होती. सकाळी साडेसातला सावरगावच्या बाजूने आम्ही पाण्यात उतरलो. डिसेंबरची थंडी, पाण्यावर वाफ, काठाच्या द्राक्षबागांत घड नुकते दिसायला लागलेले.

तिने मोटरचा कान पिळला आणि मला आधी कळलंच नाही की आपण निघालो. काठ मागे सरकला तेव्हा कळलं. टिबुकली बुडी मारून वर आली तेव्हा तिच्या पंखांवरून पाणी गळल्याचा आवाज ऐकू आला. पस्तीस वर्षं मी इंजिनाच्या आवाजावरून त्याचा आजार ओळखत आलो. इथे ऐकायला काही नव्हतं, म्हणून डोळे मीटरवर ठेवले.

मीटरने जे दाखवलं ते मी बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. ताशी चार किलोमीटरला अडीचशे वॅट. सहाला आठशेच्या वर. आठला दोन हजार. म्हणजे वेग दुप्पट केला की ताकद आठपट लागली. पाण्यात हे असंच असतं, ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते, हे दादाला पाठ होतं, मलाही ऐकून ठाऊक होतं. पण डिझेलवाल्याला ते कधी टोचत नाही, कारण टाकीत भरपूर असतं. बॅटरीवाल्याला मात्र ते प्रत्येक मिनिटाला डोळ्यांसमोर दिसतं. त्याच पाच युनिटांत चारच्या वेगाने वीस तास, म्हणजे ऐंशी किलोमीटर. आठच्या वेगाने अडीच तास, म्हणजे वीस किलोमीटर. होडी तीच, बॅटरी तीच.

"काका, इलेक्ट्रिकमध्ये टाकीचं माप युनिटात नसतं," पुतणी म्हणाली, "माणसाला किती घाई आहे त्यात असतं."

समोरच्या काठावर एका शेतकऱ्याचं डिझेल इंजिन पाणी उपसत होतं. त्याचा ठोका पाण्यावरून स्पष्ट येत होता, एका सिलिंडरचं, जुनं, निरोगी. मला तो आवाज प्रिय आहे. पण त्याच वेळी मनात आलं की बहुतेक नाशिक हेच पाणी पितं. आउटबोर्डच्या एका गळक्या सीलमधून पडलेला तेलाचा थेंब पाण्यावर वीतभर तवंग करतो. धरणाच्या पाण्यावर, दोन-चार तासांच्या फेऱ्यांना, संध्याकाळी काठावर चार्जिंगला लावता येईल अशा होडीला डिझेल किंवा पेट्रोल कशाला हवं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथे इलेक्ट्रिकच. हे मी त्याच दिवशी, होडीतच, दोघांना सांगून टाकलं.

पुतणी गेल्या वर्षी केरळात जाऊन आली होती. वैकमला जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' नावाची सौर फेरी चालते, पंच्याहत्तर माणसांची, आणि तीही कॅटमरानच. छतावर पॅनल, पंधरा-वीस मिनिटांचा फेरा, ठरलेला धक्का. इलेक्ट्रिक का चालते ते त्या तीन गोष्टींतच आलं. कोचीची वॉटर मेट्रो २०२३ च्या एप्रिलात सुरू झाली, त्या बोटीही बॅटरीवर धावतात, पण त्यांच्या पोटात अडीअडचणीला डिझेल जनरेटर ठेवलेला आहे. "ज्यांचा रूट ठरलेला आहे त्यांनीसुद्धा जनरेटर ठेवला," दादा म्हणाला, आणि नंतर बराच वेळ गप्प बसला.

दिवस दुसरा, शुक्रवार: नाशिक ते मांडवा

पुतणीच्या इलेक्ट्रिक गाडीने निघालो. जाताना मुद्दाम जुन्या कसारा घाटाने, कारण तिला मला एक गोष्ट दाखवायची होती. इगतपुरी सोडताना पडद्यावर अडुसष्ट टक्के. घाट उतरून कसाऱ्याला आलो तर एकोणसत्तर. उतारावर मोटर उलटी होऊन जनरेटर बनते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मिळतं किती, ते कुणी हिशेब करून बघत नाही. आम्ही केला. तिघं धरून गाडी एकोणीसशे किलो, उतार साधारण तीनशे मीटर. डोंगराने द्यायला हवं होतं दीड युनिट. बॅटरीत आलं अर्धं युनिटही नाही. उरलेलं त्या दहा-बारा किलोमीटरच्या हवेच्या आणि टायरच्या घर्षणात गेलं. म्हणजे ते अंतर फुकट पडलं आणि वर थोडं हातात आलं.

हे समुद्रालाही लागू पडतं. शिडावर बोट जोरात चालली की पाण्याच्या ओढीने प्रोपेलर फिरतो, मोटर वीज तयार करते. विकणारे यावर फार बोलतात. पण इथेही तोच घनाचा नियम उलट्या बाजूने बसतो. सात-आठ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) शेकड्यांनी वॅट मिळतात, चार-पाच नॉटला हातात फारसं काही येत नाही, आणि जे मिळतं ते बोटीचा वेग कापूनच मिळतं. घाट असेल तर घाटाचं मिळतं. कोकणात डिसेंबरचा वारा रोज घाटाएवढा नसतो.

घाटात वर जाणारी मालगाडी दिसली. मागून बँकर इंजिनं ढकलत होती. १ : ३७ चा चढ, इतक्या वर्षांनीही तिथे एकट्या इंजिनावर कुणी विसंबत नाही.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोमध्ये, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवली आणि तासाभराने मांडव्याला उतरलो. डेकच्या कठड्यावर हात ठेवला तर मोठ्या डिझेलची थरथर तळव्यात येत होती. दादाने डोळे मिटून घेतले होते. मुक्कामाच्या घरी पंधरा अँपिअरच्या पिनवर रात्रभर गाडी चार्जिंगला लावली. पुतणीने वहीत लिहिलं: जेट्टीवर बोटीसाठी चार्जिंग पॉइंट नाही, असा एक घरगुती प्लग मिळाला तरी तासाला तीन युनिट.

दिवस तिसरा, शनिवार: समुद्रावर

हा दिवस सगळ्यात मोठा, आणि सगळं त्यात ठरलं.

कॅटमरान हा शब्द मूळ तमिळ, कट्टुमरम, म्हणजे एकमेकांना बांधलेली लाकडं. समोर उभी बोट बघितल्यावर ते पटतं. दोन बारीक हल आणि मध्ये पूल. म्हणूनच ती सहजी कलंडत नाही, उथळ पाण्यात जाते, आणि म्हणूनच तिला वजन सोसत नाही. एका हलच्या शिडाच्या बोटीच्या तळाशी शिसं किंवा लोखंड भरलेलंच असतं, तिथे बॅटऱ्या खपून जातात. कॅटमरानवर टनभर वजन वाढलं की मधला पूल पाण्याच्या जवळ येतो आणि लाटा खालून धाडधाड आपटायला लागतात. हे दादाने सांगितलं आणि बोटीच्या पुलाखाली नेऊन दाखवलं. तिथे आधीच्या मालकाने जास्तीची पाण्याची टाकी बसवली होती, तिच्याखालचं फायबर तडकलेलं दिसत होतं.

आम्ही आधी इंजिनं बघितली. उजवं पहिल्या झटक्यात चालू झालं. डावं तीन वेळा फिरवल्यावर, आणि निघालं ते पांढऱ्या-काळ्या धुरात. ऑइलचं झाकण उघडलं तर त्यातून फुसफुस हवा. कॉम्प्रेशन गेलेलं. याचं कारणही बोटीतच होतं. वर्षानुवर्षं ते नुसतं बॅटरी चार्ज करायला आयडलवर, बिनलोडचं चालवलं होतं. डिझेलला रिकामं चालणं सोसत नाही. लायनरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते, रिंगा धरत नाहीत, नोझलवर काजळी चढते. कामाला जुंपलं तर तेच इंजिन हजारो तास जगतं.

मग मोजमाप. बोटीत फ्लो मीटर नव्हता, म्हणून मी नाशिकहून मापाचे दोन कॅन नेले होते. टाकीची लाइन काढून इंजिनाचा सप्लाय कॅनमधून दिला आणि रिटर्न, म्हणजे न जळता परत येणारं डिझेल, तेही त्याच कॅनमध्ये सोडलं. रिटर्न विसरलं की आकडा दीडपट-दुप्पट येतो आणि माणूस विनाकारण घाबरतो. खांदेरीच्या दिशेने, सकाळच्या सपाट समुद्रात, आधी दोन्ही इंजिनांवर अर्धा तास. वेग साडेसहा नॉट. उजव्याने एक लिटर दोनशे मिली खाल्लं, डाव्याने एक लिटर साडेचारशे. मग डावं बंद केलं, आणि उजवं होतं त्याच आरपीएमला ठेवलं. मला वाटलं बोट गोल फिरेल, कारण प्रोपेलर मधल्या रेषेपासून सात-आठ फूट बाजूला. पण दादाने सुकाणू थोडं धरून ठेवलं आणि ती सरळ चालली, पाच नॉटने. अर्ध्या तासाला पुन्हा एक लिटर दोनशेच.

मी गणित मांडलं तेव्हा तिघंही वाकून बघत होतो. दोन इंजिनांवर सागरी मैलाला ८२० मिली. एकावर ४८०. दीड नॉटसाठी आपण प्रत्येक मैलाला पाऊण पटीहून थोडं कमी जास्तीचं डिझेल जाळत होतो.

आता बॅटरीचं. एक लिटर डिझेलमध्ये दहा युनिटांएवढी ऊर्जा असते, पण एवढं छोटं इंजिन त्यातली तीनच शाफ्टवर आणतं, बाकी उष्णता होऊन कुलिंगच्या पाण्यातून आणि सायलेन्सरमधून जाते. मोटर दहातली नऊ देते. या बाबतीत माझ्या इंजिनाने मोटरपुढे उभंही राहू नये. पाच नॉटला ताशी दोन लिटर चारशे मिली, म्हणजे शाफ्टवर सव्वासात किलोवॅट, म्हणजे बॅटरीतून आठ. तीस युनिटांच्या बॅटरीतली चोवीस वापरायची धरली तर तीन तास, पंधरा मैल. चार नॉटवर समाधान मानलं तर सहा तास आणि चोवीस मैल. मांडव्याहून रेवदंड्याला वीसेक मैल होतात. म्हणजे पहिला मुक्काम जेमतेम.

उलट दोनशे लिटरच्या टाकीत एका इंजिनावर चारशेहून जास्त मैल. तेवढे मैल बॅटरीवर नेण्यासाठी सव्वासहाशेच्या वर युनिटं लागतील, आणि युनिटाला आठ-दहा किलो धरलं तर पाच-सहा टन. बोट सात टनांची. पुतणीने पेन खाली ठेवलं. "एवढं मीही मागत नाही, काका."

ती मागत होती ते वेगळं होतं, आणि ते दादाला तिच्याआधी कळलं. हिवाळ्यात कोकण किनाऱ्याला पहाटे मतलई वारे असतात, ते उन्हं वर आली की पडतात. मग दोन-तीन तास समुद्र तेलासारखा. दुपारी खारे वारे उठतात, वायव्येकडून, आणि ते संध्याकाळपर्यंत पुरतात. दक्षिणेला जाताना इंजिनाचं काम त्या मधल्या दोन-तीन तासांपुरतं आणि नांगर टाकताना-उचलताना. छतावर पावणेदोन-दोन किलोवॅटची पॅनल बसतात, स्वच्छ उन्हात दिवसाला सात-आठ युनिट. चार नॉटने दोन तास रोजचे सुटतात, डिझेलचा थेंब न जाळता. हे खोटं नाही, हे आम्ही मोजलं होतं.

पण माणूस मालवणहून परतही येतो. त्याचा अनुभव दुपारी आला. खांदेरीला वळसा घालून परत फिरलो तेव्हा वायव्येचा वारा चढलेला होता. समोर दीपगृह, मागे उंदेरी. याच पाण्यात १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमाराने इंग्रजांना झुंजवलं होतं, आणि आपल्या बागलाणातला साल्हेर आणि हा खांदेरी २०२५ च्या जुलैत एकाच यादीतून जागतिक वारशात गेले. ते मनात येऊन जातंय तोवर बोट लाटेवर आपटली. उजव्या इंजिनाचा आरपीएम तोच, सकाळी पाच नॉट देणारा. आता वेग तीन पॉइंट चार. कॅटमरानचं अंग मोठं, वारा तिला भिंतीसारखा धरतो. बॅटरीवर असतो तर चोवीस युनिटं तेवढ्याच तीन तासांत संपली असती आणि अंतर कापलं असतं दहा मैल. दादाने मागे न बघता सांगितलं, "अशा वेळी किनारा उजव्या हाताला असतो आणि वारा तिकडेच ढकलत असतो."

धक्क्याला लागताना मात्र मी पुतणीच्या बाजूने विचार करत होतो. डिझेल आयडलला गिअरमध्ये टाकलं तरी बोट अडीच नॉटने पुढे जाते, त्याहून हळू जायचं तर सारखं गिअर घाल-काढ. प्रत्येक वेळी खट् आवाज आणि अर्ध्या सेकंदाची वाट. परवा गंगापूरला मी होडी काठापासून वीतभर अंतरावर नुसती बोटाने धरून ठेवली होती. मोटरला शून्य आरपीएमपासून पूर्ण टॉर्क असतो. तिथे डिझेल हरलं हे मान्य करायला मला वेळ लागला नाही.

रात्री जेट्टीवर एका तांडेलाशी बोललो. ट्रॉलरवर बावीस वर्षं. तो म्हणाला, "हर्णै, दाभोळ, जयगड, कुठल्याही बंदरात डिझेलचा मिस्त्री रात्री दोनला उठून येतो. तुमच्या त्या कंट्रोलरवाल्याला मी कुठून आणू?" पुतणीने यावर वाद घातला नाही. वहीत लिहिलं: जास्तीचा कंट्रोलर, सीलबंद, बोटीतच ठेवायचा. ४८ व्होल्टवर दहा किलोवॅट म्हणजे दोनशे अँपिअरच्या वर. खाऱ्या हवेत एक ढिला लग, म्हणजे वायरच्या टोकाचा जोड, तापून किती नुकसान करील हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

दिवस चौथा, रविवार: परत

सकाळी उजव्या इंजिनाचे तिन्ही इंजेक्टर काढून घेतले, टोकांना टोप्या घातल्या, कापडात गुंडाळले. दादा बघत होता. "म्हणजे उजवं ठेवायचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तू काल सुकाणू धरून ठेवलंस तेव्हाच ठेवलंस."

ठरलं ते असं. उजवीकडे डिझेल, पूर्ण दुरुस्त करून. डावीकडचं मेलेलं इंजिन काढून दहा किलोवॅटची मोटर, वीस युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावर पॅनल. काढलेलं इंजिन, गिअर आणि डावी टाकी यांचं वजन बॅटरीच्या वजनाएवढं निघतं, म्हणजे पूल खाली बसत नाही. सकाळच्या सपाट समुद्रात डावी मोटर, वाऱ्याविरुद्ध उजवं डिझेल, धक्क्याला लागताना दोन्ही. डिझेल चाललं तर लोडवर चालेल, चार्जिंगसाठी रिकामं कधीच नाही. पुतणीला जनरेटर आणि दोन मोटरी जास्त पटत होत्या. पण त्या वाटेत जनरेटर, कंट्रोलर आणि मोटर या तिघांत मिळून पंधरा-वीस टक्के गळतात आणि सगळं काही एका जनरेटरच्या तब्येतीवर राहतं. दादाला दोन वेगळे जीव हवे होते. एका बाजूला झटकन ऐकणारी मोटर आणि दुसऱ्या बाजूला गिअरचं खट्, अशी बोट अरुंद जागेत वळवायला त्याला नव्याने शिकावं लागेल. ती काळजी माझ्या मनातून गेलेली नाही.

परत येताना भिवंडीजवळ आमण्याहून समृद्धीने. इगतपुरीच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट दहा मिनिटांत मागे पडला. चढताना पडद्यावरचे टक्के भराभर उतरले, शुक्रवारी मिळालेला एक टक्का कुठल्या कुठे गेला. दादा मागच्या सीटवर झोपला होता.

संध्याकाळी घरी न जाता सरळ सातपूरला वर्कशॉप उघडलं. पुतणीही आली, तिला मोटरच्या माउंटिंगचं माप काढायला माझा सरफेस प्लेट हवा होता. मी पहिला इंजेक्टर हँड टेस्टरला लावला आणि दांडा दाबला. सुईमध्ये आणि बॉडीमध्ये दोन-तीन मायक्रॉनची फट असते. केस सत्तर मायक्रॉनचा. ती फट नीट असेल तर नोझल चिरचिर असा कोरडा आवाज करून धुक्यासारखं डिझेल सोडतं. त्या धुक्यापुढे हात कधी धरू नये, कातडीतून आत जातं. पहिला ठीक. दुसरा शंभर बारलाच उघडला, टोकावर थेंब लोंबत राहिला. स्प्रिंग बसलेली. खाली शिम, म्हणजे पातळ चकती घातली, सुई घासून लॅप केली, पुन्हा लावला, पुन्हा काढला. चौथ्या वेळी तो नीट बोलला.

तिसऱ्याला हात घालतोय तोच दादाचा फोन. "कधी मिळतील?"

"बुधवारी," मी म्हटलं. पुतणीने मागून ओरडून सांगितलं, "मोठे काका, मोटर एका महिन्याने!"

तिसरा एकशे पंच्याहत्तरला उघडला. मी रुमालाने टोक पुसलं, दहा सेकंद दाब धरून ठेवला आणि पुन्हा बोट लावून बघितलं. टोक कोरडं होतं.